सुगीवर देतो

लाइनवरच्या गावांत माझं नाव कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. मी बिस्किटवाला. टेम्पो फाट्यावर वळला की पोरं ओरडतात, 'बिस्किटवाला आला!' आणि दुकानदार गल्ल्यावरूनच विचारतो, 'आज काय स्कीम हाय?' हिंगोलीतल्या एका एजन्सीत मी १९९४ साली ऑर्डर घ्यायला लागलो, तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. आमच्या धंद्यात लाइन म्हणजे ठरलेला वार आणि ठरलेला रस्ता. एक दिवस कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा. एक दिवस औंढा नागनाथ, जवळा बाजार. एक दिवस नर्सी, सेनगाव, गोरेगाव आणि मधली खेडी. पावसाळ्यात टेम्पो जिथं रुतायचा तिथून पुढं डोक्यावर खोकी घेऊन गेलोय.

माल कंपनीतून डेपोत, डेपोतून एजन्सीत आणि एजन्सीतून दुकानात येतो. आमच्याकडच्या मालात शंभराला एजन्सीचे चार-पाच रुपये, दुकानदाराचे आठ-दहा. माझा पगार त्या चार-पाचातला. त्यामुळं कोणतं दुकान चालतंय, कोणतं बसलंय, हे मला दुकानदाराच्या बायकोच्या आधी कळतं.

शहरातली माणसं दुकानांविषयी बोलतात ती शिडीसारखी. आधी आठवडी बाजार, मग किराणा, मग मॉल, मग मोबाइल. वरची पायरी आली की खालची मोडली. मी तीस वर्षं फिरतोय, मला ही शिडी कुठं दिसली नाही. सेनगाव तालुक्यातली एकच बाई शुक्रवारी बाजारात मिरची घेते, शनिवारी गावातल्या आप्पांच्या दुकानातून उधारीवर साखर आणते, महिन्यातून एकदा रेशनच्या दुकानात अंगठा लावते आणि दिवाळीला लेकीच्या मोबाइलवरून साडी मागवते. तिचं मागासलेपण किंवा पुढारलेपण यात शोधू नका. तिच्या घरात पैसा कधी येतो, किती येतो आणि कुणाच्या हातात येतो, ते विचारा. दुकान त्यावरून ठरतं.

बाजाराचंच घ्या. आमच्या गावचा बाजार शुक्रवारचा. लहानपणी माझी आई रोजानं जायची आणि मजुरी गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी सकाळी हातावर पडायची. 'बाजारापुरते तरी द्या,' असं मालकाच्या ओट्यावर उभं राहून म्हटलेलं मी ऐकलंय. मजुरीचा वार आणि बाजाराचा वार एकमेकांना बांधलेले. आठवड्याचा पैसा, आठवड्याचा बाजार. आणि विकणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर एका गावात सात दिवस पुरेल इतकं गिऱ्हाईकच नसतं. म्हणून चपलावाला, कासार, सुकट विकणारी बाई, दोरखंडवाला आज या गावात पाल मारतात, उद्या त्या. सात गावं जोडून त्यांचं एक दुकान होतं. दुकानाला भाडं नाही, वीज नाही, शटर नाही. बाजारवसुली करणाऱ्याची पावती फाडली की झालं. भाजी अजूनही बऱ्याच ठिकाणी वाट्यानं मिळते: दहाला एक वाटा, आणि शेवटी मूठभर वर. त्या वरच्या मुठीसाठी बायका पुन्हा त्याच पालावर जातात.

जवळा बाजारच्या तर नावातच बाजार आहे.

आता आप्पा. खरं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. माझ्या लाइनवरचं सगळ्यात जुनं दुकान. पुढं लाकडी फळ्यांचं दार, आत गुळाचा आणि रॉकेलचा मिळून एक वास, जो रॉकेल बंद झालं तरी गेलेला नाही. गल्ल्याखाली लाल कापडाची वही. आप्पांची वही मी कधी उघडून पाहिली नाही, पण तिच्यात खोचलेल्या चिठ्ठ्यांवरून मोसम ओळखतो. जून-जुलैत चिठ्ठ्या वाढतात, कारण घरातला होता नव्हता तो पैसा कृषी सेवा केंद्रात बियाण्याच्या बॅगेत आणि खतात गेलेला असतो. गौरी-गणपतीला वही फुगते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन मोंढ्यावर जातं आणि वही हलकी व्हायला लागते. वसमतकडं, कुरुंद्याकडं हळदीचं पीक जास्त, तिथल्या दुकानदारांची वसुली हळद शिजून, वाळून, पॉलिश होऊन मोंढ्यात गेल्यावर, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. एकाच जिल्ह्यात उधारीची दोन वेळापत्रकं. नव्या सेल्समनला हे कळत नाही. तो ऑगस्टमध्ये आप्पांना म्हणतो, 'मागचं बिल क्लिअर करा.' आप्पा म्हणतात, 'सुगीवर देतो.' आणि गिऱ्हाईकानं आप्पांना तेच सांगितलेलं असतं.

या उधारीचं व्याज कुठं असतं, असा प्रश्न मला पुण्याच्या एका कंपनीच्या साहेबानं विचारला होता. साहेब एक दिवस लाइनवर आले होते, गळ्यात कॅमेरा. त्यांना वाटलं, आप्पा व्याज सोडून देतात. असं कुठं असतं होय! पुड्यावर किंमत छापलेली असते. सर्व करांसह जास्तीत जास्त किंमत छापायची सक्ती १९९० च्या दुरुस्तीनं आली. त्याआधी पुड्यावर 'स्थानिक कर वेगळे' असं लिहिलेलं असे आणि दुकानदार वाटेल ती किंमत सांगत, हे एजन्सीतल्या जुन्या माणसांकडून ऐकलेलं. छापील किमतीवर आप्पांना हात मारता येत नाही. म्हणून व्याज सुट्या मालात असतं. तूरडाळ, साखर, सुटं तेल, पोहे. रोखीला एक भाव, वहीला दुसरा. लोकांनाही हे माहीत आहे. त्याची चर्चा होत नाही एवढंच.

आप्पांच्या दुकानात पैशाशिवायही माल मिळतो. सोयाबीन काढून झालं की रानात पडलेल्या शेंगा बाया-पोरं वेचतात, त्याला सरवा म्हणतात. कापसाच्या दिवसांत ओटीत चार बोंडं जास्तीची येतात. हे सोयाबीन, हा कापूस आप्पांच्या काट्यावर पडतो आणि बदल्यात चहापत्ती, खोबरेल तेल, टिकल्यांचं पाकीट, लेकराला कुरकुरे. मोंढ्यापेक्षा आप्पांचा भाव कमी असतो, ही गोष्ट खरी. पण पावकिलो सोयाबीन घेऊन बाई मोंढ्यावर कशी जाणार? आणि घरधन्याला न विचारता खर्चायचा तिचा पैसा तेवढाच होता. विकलं असं कुणी म्हणत नाही. 'सोयाबीन घालून आणलं,' म्हणतात. माझ्या आईनं मला पहिली कंपासपेटी सरवा घालून आणली होती.

आता माझी एक चूक सांगतो. नव्यानं लागलो तेव्हा एका कंपनीची स्कीम होती: शाम्पूच्या मोठ्या बाटल्यांचं खोकं घेतलं की दुकानदाराला घड्याळ. मी टार्गेटच्या नादात आप्पांना दोन खोकी दिली. घड्याळ भिंतीवर लागलं, बाटल्या फळीवर. दोन वर्षांनी तारीख उलटून गेली तेव्हा एकवीस बाटल्या शिल्लक होत्या. कंपनीनं परत घ्यायला नकार दिला. एजन्सीच्या शेठनं निम्मे पैसे माझ्या पगारातून कापले आणि निम्मे आप्पांना सोसावे लागले. त्या दिवशी आप्पा एवढंच म्हणाले, 'घड्याळ चांगलं चालायलंय बघ.'

आणि त्याच फळीच्या वर, खिळ्याला टांगलेल्या शाम्पूच्या लड्या दर आठवड्याला संपत होत्या. पुड्यांची ही युक्ती तामिळनाडूतली, कडलूरची. तिथल्या एका घराण्यानं १९७० च्या दशकात शाम्पू छोट्या पुडीत विकायला सुरुवात केली आणि १९८३ मध्ये त्याच घराण्यातल्या एका मुलानं चिक शाम्पू काढला, त्याची पन्नास पैशांची पुडी पुढं देशभर गाजली. ज्याला रोज संध्याकाळी मजुरी मिळते तो रोज संध्याकाळी दुकानात येतो आणि आजच्यापुरतं नेतो. पाच रुपयांचा चहा, दहाचं तेल, दोनचा शाम्पू. बाटलीचे शंभर रुपये एकदम खर्च केले तर उद्याच्या पिठाचं काय? शिकलेले लोक म्हणतात, गरीब माणूस पुड्यांमुळं जास्त पैसे मोजतो. चहात, तेलात ते बरोबर आहे. शाम्पूत मात्र बऱ्याचदा उलटं असतं, मापाला माप लावलं तर पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते. म्हणून आता पगारदारांच्या बायकाही लडीच नेतात. फक्त त्या अख्खी लडी नेतात.

पुडीची एक खोड आहे. किंमत नाण्याला बांधलेली असते. पाचाचा बिस्किटपुडा सहाला विकता येत नाही, कारण लेकराच्या मुठीत पाचाचं नाणं असतं. म्हणून महागाई वाढली की किंमत तीच राहते आणि पुडा आतून बारीक होतो. खोकी उचलणाऱ्या माझ्या खांद्याला हे सगळ्यात आधी कळलं.

हिंगोलीत महिन्याचा पगार पहिल्यांदा आणला तो फौजेनं. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती, तिची इथं छावणी होती. १९०३ मध्ये ती फौज हिंदुस्थानी लष्करात मिसळली, छावणी गेली, नावं राहिली. पलटन, रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. रिसाला म्हणजे घोडदळ. मी एजन्सीतून निघताना रोज या नावांतून जायचो आणि बरीच वर्षं माझ्या डोक्यात काही आलं नाही. मग एकदा पेन्शनपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं सांगितलं, 'अरे, शिपायाला पगार महिन्याला, पेन्शनवाल्याला पेन्शन महिन्याला. त्याला आठवडी बाजार कशाला पायजे? त्याला रोज उघडं दुकान पायजे.' आजूबाजूच्या खेड्यांत शंभर वर्षांपूर्वी सात दिवसांतून एकदा बाजार भरत असेल, पण छावणीच्या बाजाराला बारमाही गिऱ्हाईक होतं. कारण पगार.

हीच गोष्ट १ मे १९९९ ला पुन्हा घडली. हिंगोली जिल्हा झाला. कलेक्टर ऑफिस आलं, जिल्हा परिषद आली, एसपी ऑफिस, कोर्टं, त्यांच्यामागं वकील, क्लासेस, भाड्याची घरं. पाच तालुक्यांचा लहानसा जिल्हा, पण एकाच गावात महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी इतकी माणसं पहिल्यांदा आली. पुढच्या काही वर्षांत गावात 'मॉल' निघाले. मुंबईचा माणूस हसेल. आमच्याकडं ज्या दुकानात गिऱ्हाईक आत शिरून हातानं माल घेतं आणि दाराजवळ बिल होतं, ते दुकान म्हणजे मॉल. वर सरकता जिना नसला तरी चालतं, एसी नसला तरी चालतं, टोपली पाहिजे.

अशा एका मॉलच्या पायरीवर मी एका शेतकऱ्याला विचारताना पाहिलं, 'चपला इथं काढायच्या का?' मुलानं 'नका काढू' म्हटल्यावरही त्यानं त्या हातात घेतल्या. तो आत फिरला, तेलाचा डबा उचलून पाहिला, ठेवला, साबणाचा वास घेतला, ठेवला. कुणी 'काय पायजे?' म्हणून ओरडलं नाही. काही न घेता बाहेर आला आणि मला म्हणाला, 'बरं वाटलं.' गावच्या काउंटरवर कुणाला आधी माल द्यायचा आणि कुणाला थांबवायचं हे दुकानदार ठरवतो, आणि खेड्यात ते कशावरून ठरतं हे मी लिहायला नको. मॉलमध्ये रांग असते. आप्पांवर माझा जीव आहे, पण एवढं म्हटल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

मॉल स्वस्त कसा देतो, हे आप्पांनी मला अनेकदा विचारलंय. मोठ्या साखळ्यांचा हिशेब असा: पवईला २००२ मध्ये पहिलं दुकान उघडलेल्या डी-मार्टनं बहुतेक जागा भाड्यानं न घेता स्वतःच्या केल्या, कंपन्यांचे पैसे लवकर चुकते केले आणि त्या बदल्यात भाव पाडून घेतला. आप्पा सुगीवर देणार आणि ते आठवड्या-दोन आठवड्यांत. कंपनी कुणाला सूट देईल? आमची एजन्सी ज्या भावात माल उचलते त्याच्या खाली मोठ्या मॉलमध्ये कधी-कधी छापील ऑफर असते. मग आप्पांचा मुलगा नांदेडला गेला की डिटर्जंटचे दहा-बारा पॅक गाडीच्या डिकीत घालून आणतो आणि गावात विकतो. मी ऑर्डर घ्यायला जातो तेव्हा तो माल पोत्याखाली झाकलेला असतो. मला दिसतो. मी बघत नाही.

यावरून आठवलं. २०१२ मध्ये परदेशी कंपन्यांना सगळ्या तऱ्हेचा माल विकणारी दुकानं काढायला ५१ टक्के भांडवलाची परवानगी मिळाली, तेव्हा हिंगोलीच्या व्यापाऱ्यांत फार घबराट होती. 'आता अमेरिकेचं दुकान येणार.' नियमात लिहिलं होतं, शहर दहा लाखांच्या वरचं पाहिजे. २०११ च्या जनगणनेत आमचा सगळा जिल्हा मिळून ११ लाख ७७ हजार होता. अमेरिकेच्या दुकानासाठी औंढ्यापासून वसमतपर्यंत सगळ्यांना एकाच गल्लीत राहावं लागलं असतं.

तिकडून कुणी आलं नाही. आला तो मोबाइल.

२०१६ मध्ये आधी यूपीआय आलं आणि नोव्हेंबरात नोटाबंदी. त्या दोन-तीन महिन्यांत आप्पांची वही जितकी भरली तितकी मी कोणत्या दुष्काळातही पाहिली नाही. नोटा नव्हत्या, पण पोटं होती. मोबाइलचा पैसा खेड्यात लगेच रुजला नाही. रुजला तो लॉकडाउननंतर. आता आप्पांच्या गल्ल्यावर डबी आहे, ती मोठ्यानं रक्कम सांगते. आप्पांना ते आवडत नाही. 'गिऱ्हाईकानं किती दिले ते गावाला कशाला सांगायचं?' माझं नुकसान निराळंच झालं. पूर्वी सुटे नसले की दुकानदार रुपयाऐवजी चॉकलेट हातावर ठेवायचा. माझ्या चॉकलेटच्या निम्म्या बरण्या गिऱ्हाईकांनी मागून नव्हे, सुट्यांच्या टंचाईनं खपायच्या. आता सात रुपये म्हणजे सातच जातात. बरणी महिना-महिना हलत नाही.

ऑर्डरही मोबाइलवर आली. दुकानदारांना घाऊक माल देणारी ॲप निघाली तेव्हा आमच्या एजन्सीवाल्यांचं डोकं फिरलं, कारण तिथला भाव आमच्यापेक्षा कमी दिसायचा. १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रातल्या वितरकांनी एका मोठ्या टूथपेस्ट कंपनीचा काही माल पोचवणं थांबवलं, ते याच भांडणातून. आप्पांच्या मुलानं एक ॲप टाकून पाहिलं. दोन महिन्यांत काढलं. ॲप उधार देत नव्हतं आणि फुटलेला पुडा बदलून देत नव्हतं. तरी माझ्या जागी लागणारा पोरगा आता गावात फक्त फोटो काढायला जातो, ऑर्डर रात्रीच पडलेली असते.

रेशनच्या दुकानाविषयी थोडक्यात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य ठरलं आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. त्यामुळं किराण्यात गहू-तांदळाचा सुटा खप पडला आणि त्यातून वाचलेला पैसा माझ्या मालाकडं, बिस्किट-साबणाकडं वळला. एजन्सीच्या शेठला ही गोष्ट मान्य नाही, पण आकडे माझ्या डायरीत आहेत.

आणि मग २०२४. सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे दीड हजार. पहिले दोन हप्ते रक्षाबंधनाच्या तोंडावर एकदम जमा झाले. बँकेबाहेरच्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. मी आप्पांची फळी पाहिली. ऑगस्ट म्हणजे वही फुगायचे दिवस. त्या वर्षी तीन-चार बायांनी मागचं खातं भर पावसाळ्यात फेडलं. मजुराच्या घरात, बाईच्या नावावर, दर महिन्याला पैसा, ही गोष्ट या गावानं कधी पाहिलेली नव्हती. हप्ते पुढं-मागं होतात, नावं गळतात, ते सगळं आहे. पण दोन महिन्यांनी आप्पांनी मला स्वतःहून विचारलं, 'त्या शाम्पूच्या मोठ्या बाटल्या येतात का अजून? सहा टाक.' मी घड्याळाकडं पाहिलं. ते बंद पडून पंधरा वर्षं झालीत, काढलेलं नाही.

मागच्या महिन्यात शेवटची लाइन मारली, आता गुडघे चालत नाहीत. आप्पांच्या दुकानात बसलो होतो. गल्ल्याखाली, वहीच्या शेजारी, करड्या पिशव्यांतली पाच-सहा पार्सलं पडली होती. कुरिअरचा पोरगा गल्ल्या शोधत बसत नाही. गावाचा पत्ता म्हणजे आप्पांचं दुकान, तिथं टाकून जातो आणि घरी पोचल्यावर द्यायचे पैसे आप्पांकडूनच घेऊन जातो. एक बाई आली, पिशवी दाबून पाहिली.

'माझीच हाय. किती झाले, आप्पा?'

'चारशे एकोणीस.'

'मांडून ठेवा ना. सुगीवर देते.'

आप्पांनी चष्मा लावला, वही ओढली आणि मला विचारलं, 'काय लिहू रे, साडी लिहू का मोबाइल लिहू?'